ट्रॅपच्या खाली काय? मामांसोबत कसारा ते तापी

माझं काम भूजलाचं, त्यामुळे नाशिकमध्ये मी भूगर्भशास्त्रवाली आहे म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न बोअर कुठे मारू हाच असतो. दुसरा प्रश्न मात्र गेल्या काही वर्षांत वाढलाय, आपल्याकडे तेल नाहीतर गॅस सापडेल का हो ताई? लोक हे मनापासून विचारतात आणि नुसतं हो किंवा नाही म्हणून सुटायला मला आवडत नाही. यंदा दिवाळीनंतर मामा राहायला आले. मामांची सगळी नोकरी तेलाच्या शोधात गेली, साइस्मिक पार्टीत म्हणजे जमिनीला धक्के देऊन खालचे थर शोधणाऱ्या तुकडीत, गुजरातेत खंबातच्या पट्ट्यात आणि नंतर आसामात. मी म्हटलं मामा, एखादा नवीन भाग तुमच्या हातात दिला तर तुम्ही तेलासाठी तो पहिल्यापासून कसा बघता तसा आपण आपला जिल्हा बघू. मामा एका पायावर तयार. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, गाडी चालवायला आला आणि निघालो.

आधी थोडं सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तेल-वायू मिळायला एकाच जागी बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. सेंद्रिय पदार्थ असलेला गाळाचा खडक, म्हणजे सोर्स रॉक, तो पुरेसा तापलेला हवा. त्यातून निघालेलं तेल साठवायला सच्छिद्र खडक हवा, त्यावर न गळणारं झाकण हवं, सगळ्याला सापळ्याचा आकार हवा आणि तेल निघालं त्याच्या आधी तो सापळा तयार झालेला हवा. यातलं एक जरी हुकलं तरी विहीर कोरडी. आणि आपल्याकडे वर काय दिसतं, तर सगळीकडे काळा बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला तो हा डेक्कन ट्रॅप, आज उरलाय तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. तरीही देशात जी २६ सेडिमेंटरी बेसिन, म्हणजे गाळ साचलेली खोरी, मोजतात त्यात ‘डेक्कन सिनेक्लाइझ’ नावाचं एक आहे, तिसऱ्या कॅटेगरीत, म्हणजे शक्यता मांडली आहे पण शोध अजून लागायचाय. नाशिक त्याच ट्रॅपवर बसलंय.

पहिला दिवस : नाशिक – इगतपुरी – कसारा घाट – त्र्यंबक

सकाळी मिसळ खाऊनच निघालो. मामांना काळ्या मसाल्याची तर्री लागते आणि वर दही पण लागतं, पापड तर तिघांनीही दोनदा मागवला. हवा मस्त होती, पहाटेचा गारवा नऊ वाजेपर्यंत टिकला.

घाटातून सुरुवात करायचं कारण सरळ आहे, वरून खाली उतरत गेलं की थरांची सगळी चळत कापलेली दिसते. इगतपुरीला स्टेशनाजवळ चहा घेतला, मालगाडीला मागून बँकर इंजिनं जोडलेली दादाने लांबूनच ओळखली. मग घाट उतरताना एका सुरक्षित जागी थांबलो. इथला ज्यायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट भूशास्त्राच्या पोरांना पाठ असतो, काळ्या खडकात पांढरट लांबट स्फटिक, काही सेंटीमीटर लांबीचे, एकमेकांत अडकलेले. मामांनी भिंग काढलं आणि पाच मिनिटं कोणाशी बोललेच नाहीत.

दोन थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो तो आपले विहीर खणणारे लोक गेरू म्हणतात. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर काही काळ ऊन-पाऊस झाला, माती बनली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती भाजली. मामा म्हणाले, हा पट्टा बघितला की मला बरं वाटतं, कारण थर सलग ओतले गेले नाहीत, मध्ये वेळ गेला हे डोळ्यांना दिसतं.

खाली कसाऱ्याला उतरलो तरी बेसॉल्टच. पुढे शहापूर, कल्याण, मुंबईपर्यंत बेसॉल्टच. इथे मामांनी जे सांगितलं ते मला पूर्ण सहलीत सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मुंबईचा बेसॉल्ट समुद्राखाली तसाच पुढे जातो, खोल जातो, आणि त्याच्या वर नंतरच्या काळातला गाळ साचलाय. बॉम्बे हायचं तेल १९७४ साली सापडलं ते त्या वरच्या गाळात, मायोसीन काळातल्या चुनखडीत. खंबातच्या पट्ट्यातही तसंच, ट्रॅप तळाला आणि सोर्स रॉक असलेला कॅम्बे शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला खडक, त्याच्या वर. म्हणजे गुजरात-मुंबईचं तेल मुख्यतः ट्रॅपच्या वरचं. आपल्याकडे ट्रॅपच्या वर काहीच नाही, नुसती माती. त्यामुळे नाशिकला काही असलंच तर ते ट्रॅपच्या खाली असणार, लाव्हा येण्याच्या आधी तिथे जो गाळ साचला असेल त्यात. ‘मुंबईला आहे मग इथे का नाही’ असं विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

परतताना घोटीवरून त्र्यंबकचा रस्ता धरला. भाताची कापणी झालेली, खळ्यांवर झोडणी चाललेली, एका आजींनी नवीन तांदळाचा वास घ्या म्हणून मूठभर तांदूळ हातावर ठेवले. त्र्यंबकला पोचेपर्यंत ब्रह्मगिरीवर संध्याकाळचं ऊन आलं होतं. आपली गोदावरी इथे बेसॉल्टमध्ये उगम पावते आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर समुद्राला मिळते तिथे कृष्णा-गोदावरी बेसिन आहे, जिथे खोल समुद्रातला मोठा गॅस २००२ साली सापडला. आणि तिकडे राजमहेंद्रीजवळसुद्धा डेक्कनच्याच काळातला बेसॉल्ट आहे, राजमंड्री ट्रॅप म्हणतात, लाव्हा इतक्या लांब वाहत गेला असावा असं अभ्यासक मानतात. मी तर हे कुशावर्तावर उभं राहून मामांकडून ऐकत होते आणि अंगावर काटा आला, नदी तीच, एका टोकाला झाकणच झाकण आणि दुसऱ्या टोकाला सगळा गाळ.

टिप : कसारा घाटात हायवेवर कुठेही गाडी थांबवू नका, ट्रकवाल्यांना वळणावर काही दिसत नाही. जिथे रुंद जागा आहे तिथेच थांबा, आणि पावसाळ्यात तर कापलेल्या कड्याखाली उभं राहूच नका. घाटात फोटो काढायला सकाळी अकराच्या आधीचं ऊन चांगलं.

दुसरा दिवस : सिन्नर, गारगोटी म्युझियम आणि एक बोअर

सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत गारगोटी म्युझियम आहे, खनिजांचं, विशेषतः झिओलाइट नावाच्या स्फटिकांचं. आधी शाळेच्या ट्रिपबरोबर बघितलं होतं, यावेळी मामांच्या डोळ्यांनी बघितलं. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, हिरवट अपोफिलाइट, सगळं आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमधलं. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात, मग गरम पाणी फिरतं आणि त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढतात. पांडवलेण्याजवळच्या खाणीतले नमुने तर जगभरच्या संग्रहात गेलेत.

पण मामांना त्यातलं तापमान दिसत होतं. आइसलँडमध्ये बेसॉल्टच्या जाड थरांत कोणतं झिओलाइट किती खोलीवर मिळतं याचे पट्टे जॉर्ज वॉकर यांनी १९६० च्या सुमाराला मांडले होते, वरच्या थंड भागात एक जात, खाली गरम भागात दुसरी. स्टिल्बाइट-ह्यूलँडाइट दिसलं की खडक साधारण १०० अंशांच्या आसपास तापला होता असं धरता येतं. आता हे तेलाशी कसं जोडायचं? सोर्स रॉकमधून तेल निघायला साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस लागतात, त्याहून जास्त तापला की गॅस. जमिनीखाली दर किलोमीटरला २५-३० अंश वाढतात. म्हणजे एखाद्या जुन्या शेलवर दोन किलोमीटर लाव्हा साचला तर नुसत्या त्या ओझ्यानेच तो शेल ७५-८० अंशांपर्यंत पोचू शकतो. लोकांना वाटतं लाव्हाने खालचं सगळं जाळून टाकलं असणार. मामा म्हणाले तसं होत नाही, वाहता लाव्हा त्याच्या खालची थोडीच जमीन भाजतो, खरी ऊब येते ती जाड पांघरुणाने. जिथे डाइक किंवा सिल, म्हणजे लाव्हाचे उभे किंवा आडवे पट्टे, खडकात घुसलेत तिथे मात्र आजूबाजूला जास्त भाजलं जातं. म्हणजे बेसॉल्ट दोन्ही करू शकतो, तेल पिकवूही शकतो आणि जागोजागी करपवूही शकतो. आणि खात्रीसाठी झिओलाइट पुरत नाही, खालच्या शेलचा तुकडाच हातात लागतो. मग त्यातल्या व्हिट्रिनाइटची, म्हणजे जुन्या झाडपाल्याच्या कणांची, चकाकी मोजतात, ०.६ ते १.३ टक्क्यांच्या मध्ये आली तर तेलाचा टप्पा.

झिओलाइटची दुसरी बाजू पण आहे, हे स्फटिक पोकळ्या भरून टाकतात. बेसॉल्टमध्ये तेल साठतच नाही असं मात्र नाही. गुजरातेत पादरा इथे ट्रॅपच्या भेगांमधूनच तेल मिळालंय, शेजारच्या गाळातून त्यात शिरलेलं. मामांनी ते स्वतः बघितलंय, त्या भेगांबद्दल ते अजून उत्साहाने बोलतात.

दुपारी गोंदेश्वरला गेलो. देऊळ एवढं देखणं आहे की त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की दुपारच्या उन्हात काळ्या दगडाला हात लावू नका, चटका बसतो.

परतीच्या वाटेवर एका शेतात बोअरची गाडी लागलेली दिसली आणि मी गाडी थांबवायला लावली. पोरं तमिळ, शेतकरी सिन्नरचाच, घरातली सगळी माणसं बांधावर बसलेली, नारळ फोडून झालेला, धुरळ्यात आजोबा तोंडाला टॉवेल बांधून उभे. मी माझी ओळख सांगितली तर आजोबांनी लगेच खुर्ची मागवली. बोअरवाला पोरगा हिंदीत रंग सांगत होता, काला, लाल, फिर काला. शेतकरी स्वतःच्या भाषेत, मुरूम गेला, मग कच्चा पाषाण, मग पक्का काळा, मग गेरू लागला, गेरूत ओल लागली. चारशे फुटांच्या जवळ दुसरा गेरू लागला आणि पाणी उसळलं. घरातल्या बाईंनी पहिलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्याला लावलं, आम्हाला पेढा मिळाला.

मामा खाली वाकून धुळीतला चुरा बघत होते. म्हणाले, अगं, तेलाच्या विहिरीवर आम्ही हाच चुरा दर काही मीटरला पिशवीत भरतो, नंबर टाकतो, धुतो, भिंगाखाली बघतो, त्यालाच मड लॉगिंग म्हणतात, आणि इथे तो बांधावर पडून जातो. मला हे फार लागलं. जिल्ह्यात दर उन्हाळ्यात इतके बोअर होतात आणि चुरा कोणी ठेवत नाही.

टिप : गारगोटीला दोन तास काढून जा, आत फोटोचे नियम आधी विचारा. खाणीत स्फटिक शोधायला परस्पर शिरू नका, मालकाची परवानगी घ्या आणि ब्लास्टिंगची वेळ विचारा.

तिसरा दिवस : वणी – कळवण – सटाणा – मुल्हेर

या दिवशी अवकाळी आला. दिंडोरीच्या पुढे आभाळ भरलं, वणीला पोचेपर्यंत भुरभुर सुरू. सप्तशृंगीचा डोंगर ढगात, आम्ही खालूनच हात जोडले. द्राक्षवाल्यांचे चेहरे बघवत नव्हते, फुलोऱ्यात पाऊस म्हणजे काय हे नाशिककराला सांगायला नको. एका टपरीवर भजी खात उभे होतो तर शेजारी उभा असलेला तरुण मुलगा फोनवर फवारणीचंच बोलत होता, सकाळी मारलेलं सगळं धुवून गेलं म्हणत होता.

कळवण-सटाण्याकडे पाऊस ओसरला. इथली माती, डोंगर, भाषा सगळं बदलायला लागतं, अहिराणी कानावर येते. मोसम नदी इथलीच, हरणबारी धरण तिच्यावर, हे पाणी पुढे गिरणेत आणि गिरणा तापीत. म्हणजे जिल्ह्याचा हा भाग गोदावरीचा नाहीच, तापीचा आहे. तेलाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं का ते पुढे येतंय.

मुल्हेरच्या अलीकडे ज्यांच्याकडे मुक्काम होता त्या काकांनी आल्याआल्या सांगितलं, तुम्ही तेलवाले का, आमच्या जुन्या विहिरीवर तेलाचा तवंग येतो, चला. आम्ही चिखलातून गेलो. पायऱ्यांची विहीर, एका कोपऱ्यात झिरपा, तिथे पाण्यावर इंद्रधनुषी साय, खाली नारिंगी चिकट गाळ. दोन शेजारी आणि एक म्हातारे बाबा मागोमाग आले. बाबा म्हणाले, काय देखी ऱ्हायनात भाऊ? आठे तेल शे का?

मामांनी काडी मागितली आणि तवंगात फिरवली. साय तुटली, तिचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे राहिले. मामा बाबांच्या शेजारी पायरीवर बसले आणि शांतपणे समजावलं, बाबा, तेल असतं तर काडी फिरवल्यावर परत एकत्र आलं असतं, हे लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम आहे, पाण्यात लोह आहे म्हणून. विषारी नाही, पण प्यायला दुसरं पाणी वापरा. बाबा काही नाराज झाले नाहीत, पाण्याचं काय ते तरी कळलं म्हणाले. काकांनी मात्र अजून एक विचारलं, कुठेतरी बोअरमधून गॅस पेटला होता असं ऐकलंय त्याचं काय? मामा म्हणाले, दलदलीत, कुजलेल्या पाल्यातही मिथेन होतो, तो उथळ असतो. खोलीतला कोणता आणि कुजण्याचा कोणता हे कार्बनच्या आयसोटोपवरून, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, लॅबमध्ये वेगळं करता येतं, आणि खोलवरच्या गॅसमध्ये बहुधा इथेन-प्रोपेनही सोबत असतात. हैदराबादच्या एनजीआरआयने, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, डेक्कन सिनेक्लाइझमध्ये मातीचे नमुने घेऊन असे वायू मोजलेत. मातीत अंश सापडणं म्हणजे खाली साठा सापडणं नव्हे, पण बाकीच्या पुराव्यांत एक भर पडते.

रात्री शेवभाजी, नागलीची भाकरी, लसणाचा ठेचा, आणि काकूंनी पावसाच्या थंडीसाठी केलेलं कुळथाचं पिठलं. लाइट गेली होती. मामांना बोलायला अशीच वेळ लागते, त्यांनी ट्रॅपच्या आरपार जिथे भोक पडलंय त्या जागा सांगायला सुरुवात केली. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटरचं बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळ, मग जुना कठीण खडक. कोयनेला रासाटीत १५२२ मीटरचं बोअर, ९३३ मीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट, गाळ नाहीच. आणि सौराष्ट्रात लोधिकाला ओएनजीसीच्या विहिरीत ट्रॅपखाली मेसोझोइक, म्हणजे लाव्हाच्या आधीच्या काळाचे गाळाचे खडक लागले. एकच ट्रॅप, तीन जागा, तीन उत्तरं. काका म्हणाले, म्हणजे इथे काय निघेल ते इथेच भोक पाडल्याशिवाय कळायचं नाही. मामा म्हणाले, बरोब्बर, पण भोक कुठे पाडायचं ते ठरवायला बाकी सगळं लागतं.

टिप : मुल्हेर-साल्हेर भागात हॉटेलं फारशी नाहीत, घरगुती जेवण आधी फोन करून सांगा. तवंगाची काडीची परीक्षा कुठेही करून बघा, फुकट आहे. आणि कुठल्याही बोअरवर गॅस आहे का बघायला काडी पेटवू नका, हे हात जोडून सांगते.

चौथा दिवस : साल्हेर – पिंपळनेर – साक्री – धुळे

पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल, आणि आता २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत आलाय, त्यामुळे साल्हेरवाडीत गाड्या वाढल्यात. १६७२ ची लढाई इथलीच. दादा आणि मी वर गेलो, मामा पहिल्या दरवाज्यापर्यंत आले आणि तिथल्या दगडावर बसून कड्याचं स्केच काढत राहिले. वर परशुरामाच्या देवळाशी वारा उभं राहू देत नव्हता. उत्तरेला डोंगर बुटके होत जातात आणि त्यापलीकडे तापीचं खोरं, हवा एवढी स्वच्छ होती की सातपुड्याची रेघ दिसली.

खाली आल्यावर मामांनी स्केच दाखवलं, प्रत्येक सपाट कडा म्हणजे एक लाव्हा, प्रत्येक उतार म्हणजे मऊ थर. मग साइस्मिकची अडचण सांगितली. जमिनीवर धक्का द्यायचा, लहरी खाली जातात, थरांवर आपटून परत येतात, त्या वेळेवरून खोली काढायची. पण बेसॉल्टमध्ये लहरी सेकंदाला ५-६ किलोमीटरने पळतात आणि त्याच्या पृष्ठावरूनच बरीच ऊर्जा उलटते, भिंतीवर टॉर्च मारून पलीकडची खोली बघायची तसं. त्यातून हे थर एकसारखे नाहीत, मध्ये गेरू, पोकळ्या, भेगा, सगळीकडे लहरी विखुरतात. आणि खालचा गाळ बेसॉल्टपेक्षा संथ, त्यामुळे रिफ्रॅक्शनच्या, म्हणजे थरांतून वळून येणाऱ्या लहरी मोजायच्या पद्धतीत तो थर लपूनच राहतो. म्हणून ट्रॅपच्या भागात तीन-चार पद्धती एकत्र लावतात. ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजणं, कारण बेसॉल्ट जड आणि गाळ हलका. आणि मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे एमटी, त्यात जमिनीतल्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलांवरून खडकाचा विद्युतरोध काढतात. बेसॉल्टचा रोध बऱ्यापैकी, गाळाचा कमी, ग्रॅनाइटचा प्रचंड, त्यामुळे दोन जास्त रोधांच्या मध्ये कमी रोधाचा थर दिसला की कान टवकारायचे. एमटीची यंत्रं रात्रभर माळावर ठेवतात, आणि वीजवाहिनी किंवा पंप जवळ असला की सगळं बिघडतं, मामांच्या मते अख्ख्या महाराष्ट्रात शांत माळ मिळणं हेच पहिलं आव्हान. सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या नॅशनल साइस्मिक प्रोग्रॅममध्ये देशभर न तपासलेल्या भागांत ४८ हजार लाइन किलोमीटरहून जास्त सर्व्हे धरला होता. असा डेटा दिल्ली-नोएडाकडे साठवला जातो, शाळा-कॉलेजपर्यंत तो पोचावा असं मला फार वाटतं.

पिंपळनेर ओलांडल्यावर डाइक दिसायला लागले. नंदुरबार-धुळ्याचा हा पट्टा डाइकसाठी नावाजलेला, शेतांतून सरळ काळ्या टेकड्यांच्या रांगा जातात, बहुतेक पूर्व-पश्चिमेच्या अंगाने. लाव्हा ज्या भेगांत शिरून गोठला त्या या भेगा. साक्रीच्या पुढे एका डाइकला लागून शेत होतं तिथे उतरलो. शेतकरी दादा म्हणाले, या टेकडीच्या वरच्या अंगाला माझ्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी, खालच्या अंगाला भावाच्या विहिरीला दिवाळीतच ठणठणाट. हे माझ्या रोजच्या कामातलं, उभी काळी भिंत पाणी अडवते. मामा म्हणाले, तेलालाही ती तशीच अडवू शकते, सापळा होऊ शकते, आणि तीच भिंत तडकलेली असली तर सगळं गळून वर निघून जातं. झाकणाचंही हेच. दोन किलोमीटर बेसॉल्टचं झाकण ऐकायला भारी वाटतं, पण बेसॉल्ट भेगाळलेला असतो, मधले गेरूचे मऊ थर कधी कधी जास्त कामाचे.

धुळ्याला पोचलो तेव्हा रात्र झालेली. भरीत आणि कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात. खानदेशी भरीत हे धुळ्या-जळगावकडेच खावं, आमच्या नाशिकच्या वांग्याला ती चव येत नाही हे नाशिककर असून लिहिते.

पाचवा दिवस : धुळे – तापी – परत नाशिक

सकाळी आग्रा रोडने शिरपूरच्या अलीकडच्या तापीच्या पुलापर्यंत गेलो. इथे ट्रॅप दिसेनासा होतो, नदीकाठी जाड गाळाची माती, केळी आणि कापूस, समोर सातपुडा. नर्मदा-तापीचा हा पट्टा फार जुना खचलेला भाग. लाव्हाच्या आधी, क्रेटेशियस काळात, पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत आला होता, त्याचा पुरावा म्हणजे मध्य प्रदेशातले बाघ बेड नावाचे थर, त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. पूर्वेला सातपुड्यात लाव्हाच्या फार आधीच्या गोंडवना थरांतला कोळसा. म्हणजे या पट्ट्यात ट्रॅपच्या खाली जुना गाळ असण्याला आधार आहे, आणि भूभौतिकी सर्वेक्षणांचा रोखही इकडेच राहिलाय.

पुलाजवळच्या टपरीवर मामांनी वहीत गणित मांडलं. कंपन्या खरंच असंच करतात, प्रत्येक गोष्ट जुळण्याची शक्यता लिहायची आणि गुणायची. तापीच्या पट्ट्यासाठी त्यांनी स्वतःच्या अंदाजाने लिहिलं, तापलेला सोर्स रॉक ०.३, साठवणारा खडक ०.५, वेळेत झालेला सापळा ०.४, झाकण ०.७. गुणाकार ०.०४२, म्हणजे शंभरात चार. मी विचारलं, आणि नाशिक-सिन्नर-इगतपुरीकडे? त्यांनी सोर्स रॉकपाशी ०.०५ लिहिलं, बाकी तेच ठेवलं, तरी उत्तर शंभरात एकाच्याही खाली गेलं. दक्षिणेकडे कोयना-किल्लारीसारखं निघण्याची भीती जास्त, उत्तरेकडे बागलाण ओलांडून तापीकडे जाल तशी आशा थोडी थोडी वाढते. दादाला शंभरात चार हे फारच कमी वाटलं. मामा म्हणाले, नव्या बेसिनमध्ये एवढ्यावरही लोक काम करतात, फक्त पहिली विहीर तेलासाठी मारायची नाही, माहितीसाठी मारायची. पॅरामेट्रिक विहीर म्हणतात तिला, ट्रॅपच्या आरपार जाऊन खाली गाळ आहे का, शेल आहे का, किती तापलाय, एवढंच बघायचं. त्या एका विहिरीने ०.३ चं एकतर ०.८ होईल नाहीतर शून्य, आणि शून्य झालं तरी पुढचे शेकडो कोटी वाचतील.

मला हे पटलं. तेल निघालं तर जमिनी, पाणी, वाहतूक सगळ्यांचे प्रश्न येतीलच आणि ते वेगळे बोलायला हवेत, पण आपल्या पायाखाली दोन किलोमीटरवर काय आहे हे माहीत असणं ही जिल्ह्याची गरज आहे, पाण्यासाठीसुद्धा आणि भूकंपासाठीसुद्धा.

परतीला चांदवडच्या राहुड घाटात थोडा ट्रॅफिक लागला, बाकी काही नाही.

ज्यांना असं फिरायचंय त्यांच्यासाठी : जीएसआयचं, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, भूकोश पोर्टल आहे, त्यावर जिल्ह्याचे भूशास्त्रीय नकाशे फुकट बघता येतात, निघायच्या आधी घाट आणि डाइक खूण करून ठेवा. दहापट भिंग, छोटी हातोडी, पाण्याची बाटली आणि टोपी एवढं पुरतं. किल्ल्यांवर, लेण्यांत हातोडी काढायची नाही. थंडीच्या सुरुवातीला जा, गवत वाळलेलं असतं आणि कडे स्पष्ट दिसतात.

आणि बागलाण, कळवण, सुरगाणा, मालेगाव, साक्रीकडे ज्यांच्या शेतात खोल बोअर होणार आहे त्यांना एक विनंती. बोअरवाल्याला सांगून दर वीस फुटांना मूठभर चुरा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घ्या, पिशवीवर फूट लिहा, गावाचं नाव आणि तारीख टाका आणि सावलीत ठेवा. काळा सोडून दुसरा कुठलाही रंग, वाळू, चुना, कोळशासारखं काही दिसलं तर ती पिशवी वेगळी ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात नेऊन दाखवा.